दहापट पैशांत दहापट इको मिळतो का?

वाचकाचं पत्र

सर, मी मिरजेला राहतो. दिवसा पतपेढीत नोकरी, संध्याकाळी गिटार. लग्नसराईत आणि गणपतीत एका हिंदी-मराठी ऑर्केस्ट्रात लीड, म्हणजे गिटारची मुख्य सुरावट, वाजवतो. साधी स्ट्रॅट पद्धतीची गिटार आहे, एक ओव्हरड्राइव्ह (सूर खरखरीत, भरदार करणारं पेडल), एक ट्यूनर आणि घरी १५ वॉटचा अॅम्प. स्टेजवर अॅम्प नेत नाही, लाइन थेट मिक्सरला देतो. अनेक इफेक्ट एकाच डब्यात देणारा प्रोसेसर होता, तो विकला. गाणं सुरू झालं तरी मी मेनूच शोधत असायचो.

आता इको, म्हणजे वाजवलेला सूर थोड्या उशिराने परत ऐकवणारं पेडल, घ्यायचाय. ४५ हजार बाजूला काढलेत. पुण्यात एका दुकानात तीन पेडलं वाजवून पाहिली. एक छोटं चिनी, चार हजारांचं. दुसरं जपानी डिजिटल, सोळा हजारांचं. तिसरं अमेरिकन, जुन्या टेप इकोचा आवाज देणारं, एक्केचाळीस हजारांचं. तिसरं ऐकून अंगावर काटा आला. पण बायको म्हणते, आवाज चार हजारांच्या डब्यातूनही परत येतोच की, मग दहापट पैसे कशाला? मला उत्तर देता आलं नाही. शिवाय आमचे जुने गिटारवादक काका त्यांचं रोलंडचं टेप इको मशीन वीस हजारांना द्यायला तयार आहेत. ते बरीच वर्षं बंद पडून आहे. जुन्या गाण्यांना मला चटकन परत येणारा आवाज हवा असतो, नव्या गाण्यांच्या लीडला लांब, तालात बसणारा. काय घेऊ?

सल्ला

प्रिय मित्रा,

तुमच्या पत्नीने नेमकं दुखण्यावर बोट ठेवलंय, म्हणून आधी त्यांना उत्तर देतो. दहापट पैशांत दहापट आवाज मिळत नाही. चारावरून सोळा हजारांवर गेलात तर दोन-तीन गोष्टी अशा मिळतात, की मंडपातल्या शेवटच्या खुर्चीवरच्या माणसालाही फरक जाणवेल. सोळावरून एक्केचाळीसवर गेलात तर जे मिळतं तेही खरं आहे, सुंदर आहे, तुमच्या अंगावर उगाच काटा आला नव्हता. पण ते घरी आणि रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येईल, तुम्ही ज्या स्टेजवर वाजवता तिथे नाही. ४५ हजार ही पगारदार माणसाची मोठी पुंजी असते. ती कुणाच्या 'घेऊन टाक, भारी आहे'वर जाऊ नये, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

इकोच्या पेडलात सुराचे दोन रस्ते असतात. तुम्ही छेडलेला मूळ सूर एका रस्त्याने जातो आणि परत येणारा सूर दुसऱ्याने. बऱ्याच डिजिटल पेडलांत मूळ सुराला आकड्यांत बदललंच जात नाही, तो तारेतून जसा आला तसा सरळ पुढे जातो. चार हजारांच्या पेडलातही बहुधा तसंच असतं. त्यामुळे स्वस्त पेडलाने गिटारचा मूळ आवाजच खराब होतो, ही भीती बरीचशी निराधार आहे. किमतीचा फरक दिसतो तो परत येणाऱ्या सुरात. आणि तिथे 'जितकं स्वच्छ तितकं उत्तम' हा हिशोब चालत नाही.

तुम्ही मिरजेचे आहात, तेव्हा हे तुम्हाला लवकर पटेल. तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा घुमारा, काढताना कारागीर घोडीचा माथा तासतो आणि दोरा सरकवत राहतो, तो तार छेडल्याच्या क्षणासाठी नव्हे. त्यानंतर सूर कसा उलगडत जातो, त्यासाठी. इकोचंही तसंच आहे. पहिला परतलेला सूर सगळ्याच पेडलांत बरा वाटतो. चौथा-पाचवा कसा वाटतो, यावर त्या पेडलाची किंमत ठरायला हवी.

हे असं का होतं ते कळायला थोडा इतिहास लागतो. १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या मेम्फिसच्या सन स्टुडिओत सॅम फिलिप्स दोन टेप मशीन वापरून गाण्याला तो चटकन परत येणारा ठोका द्यायचे. टेपवर सूर नोंदवणारं हेड आणि वाजवणारं हेड यांच्यात थोडं अंतर असतं. टेपला ते अंतर कापायला जितका वेळ लागेल तितक्या उशिराने सूर परत येतो. जुन्या हिंदी गाण्यांसाठी तुम्हाला हवा असलेला आवाज याच जातीचा. मग हेच तंत्र एका पेटीत बसवलं गेलं. अमेरिकेत एकोप्लेक्स आला, इंग्लंडमध्ये वॉटकिन्सचा कॉपिकॅट, इटलीत बिन्सनचा एकोरेक. एकोरेकमध्ये टेपऐवजी फिरतं चुंबकीय चाक होतं, आणि पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिलमोर यांच्या सुरुवातीच्या वर्षांतल्या आवाजात त्याचा मोठा वाटा आहे. १९७४मध्ये रोलंडने आरई-२०१ स्पेस इको काढला. त्यात टेपची एक लांब माळ एका कप्प्यात मोकळी पडलेली असते, रिळं नसतात, आणि वाजवणारी तीन हेडं असतात.

या सगळ्या यंत्रांत प्रत्येक फेरीला सुराची वरची धार थोडी बोथट होते. मोटर अगदी एकसारखी फिरत नाही, त्यामुळे सूर किंचित हेलकावतो. इंजिनियरांच्या लेखी हे दोष होते. पण वाजवणाऱ्यांना लवकरच कळलं की बोथट झालेला सूर मागे सरकतो आणि पुढचा, नवा सूर मोकळा राहतो. परत येणारा आवाज मूळ आवाजाइतकाच धारदार असेल तर दोन्ही एकाच जागेसाठी भांडतात आणि तान गढूळ होते. हे दोष हवेसे वाटतात ते याचमुळे.

टेपनंतर चिप आली. १९६९मध्ये फिलिप्स कंपनीच्या प्रयोगशाळेत सँगस्टर आणि टीअर यांनी 'बकेट ब्रिगेड' नावाचं तंत्र शोधलं. आवाजाचा विद्युतदाब एका कप्प्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असा ओतत न्यायचा आणि शेवटच्या कप्प्यातून उशिरा बाहेर काढायचा. जपानच्या मात्सुशिताने अशा चिप बनवल्या. त्यातली एमएन३००५ ही ४०९६ कप्प्यांची चिप जुन्या अॅनालॉग डिलेंमध्ये, म्हणजे सूर आकड्यांत न बदलता उशिरा देणाऱ्या इकोंमध्ये, प्रसिद्ध आहे. ठरवून दिलेल्या वेगाच्या मर्यादेत तिच्यातून मिळणारा उशीर जास्तीत जास्त सुमारे २०५ मिलिसेकंद (मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग). त्याहून लांब हवा असेल तर एकापुढे एक चिप जोडा नाहीतर कप्पे भरण्याचा वेग कमी करा. वेग कमी केला की वरचे स्वर गळतात आणि सूं असा आवाज वाढतो. म्हणून अॅनालॉग डिले लांब वेळेला अंधारलेला, मऊ वाटतो. लोक ज्याला 'वॉर्म' म्हणतात तो हाच. मग डिजिटल आलं. १९८०च्या दशकात बॉसने डीडी-२ आणि नंतर डीडी-३ ही छोटी डिजिटल पेडलं काढली. त्यांचं सुराचं आकड्यांत रूपांतर १२ बिटचं, म्हणजे आजच्या मानाने ओबडधोबड. तरी ती जगभरच्या स्टेजवर वाजली आणि आजही वाजतात. आज 'आमचं २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ' अशी जाहिरात करणाऱ्यांना मी हेच सांगतो. गिटार अॅम्पचा बारा इंची स्पीकर ५ ते ६ किलोहर्ट्झच्या पुढे झपाट्याने मंदावतो. त्यापुढच्या बारकाव्यांसाठी मोजलेले पैसे त्या स्पीकरपाशी येऊन थांबतात.

आता चार हजारांचं पेडल. या किमतीच्या बहुसंख्य पेडलांत पीटी२३९९ नावाची तैवानी चिप असते. कराओकेच्या मायकांत, स्वस्त इको मिक्सरमध्ये, आपल्याकडच्या गल्लीतल्या कार्यक्रमांत निवेदकाच्या आवाजामागे जो इको घुमतो त्यातही बरेचदा हीच. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटी मागितली तर शंभराच्या नोटेत येईल. खोक्यावर अॅनालॉग लिहिलेलं असलं तरी चिप आतून डिजिटल आहे, मात्र ती सूर अॅनालॉगसारखाच थोडा बोथट करून देते. ही चिप वाईट मुळीच नाही. फक्त ती सुखाने काम करते ती साधारण ३४० मिलिसेकंदांपर्यंत. पेडलवाले ती त्यापुढे ताणतात, आणि मग परत येणाऱ्या सुराला चरचरीत कड येते, खरखर वाढते.

इथे तुमच्या कामाचा हिशोब सुरू होतो. साठ हजाराला गाण्याच्या लयीने, म्हणजे मिनिटाला पडणाऱ्या ठोक्यांनी भागा. एका ठोक्याला किती मिलिसेकंद ते मिळेल. १२० लयीच्या गाण्यात एक ठोका ५०० मिलिसेकंदांचा. त्याचा पाऊण हिस्सा, म्हणजे तालात सर्वांत सुंदर बसणारा तो डॉटेड एट्थ, ३७५ मिलिसेकंदांचा. १०० लयीला तोच ४५० होतो. ७० लयीच्या संथ गाण्यात तो ६४३ वर जातो. तुम्ही लिहिलंय की नव्या गाण्यांच्या लीडला लांब, तालात बसणारा इको हवा. म्हणजे चार हजारांचं पेडल जिथे दमतं, नेमक्या तिथेच तुम्हाला ते रोज लागणार. जुन्या गाण्यांचा चटकन परत येणारा आवाज ८० ते १३० मिलिसेकंदांचा असतो. तो चार हजारांचं पेडल उत्तम देईल, इतका की महागड्या पेडलाशेजारी ठेवून ओळखायला सांगितलं तर पुष्कळांची दांडी उडेल. तुमचं वाजवणं जुन्या गाण्यांपुरतंच असतं तर मी इथेच थांबलो असतो आणि म्हणालो असतो, चार हजार द्या आणि पाचशे रुपयांची चांगली केबल घ्या.

लांब इकोबरोबर आणखी एक गोष्ट लागते, टॅप टेम्पो. पायाने लय दाबून दिली की पेडल वेळ जुळवून घेतं. तुमच्या ऑर्केस्ट्रात कुणी क्लिकवर, म्हणजे कानात लय मोजणाऱ्या टिकटिकीवर, वाजवत नसणार. ढोलक आणि ऑक्टोपॅडवाला रंगात आला की १२०ची लय नकळत १२६ होते. तुमचा इको ३७५वर अडकलेला असतो आणि हवा असतो ३५७. पहिल्या फेरीला १८ मिलिसेकंदांची चूक कुणाला कळत नाही, पण चौथ्या फेरीपर्यंत ती ७२ होते आणि परत येणारे सूर ढोलकाच्या थापेवर आपटायला लागतात. ऐकणाऱ्याला वाटतं गिटारवाला बेताल आहे. तुमच्या वाजवण्याची बदनामी करणारा इको कितीही गोड असला तरी काय कामाचा? माझ्या मते तुमच्यासाठी टॅप टेम्पो ही आवाजाच्या प्रतीचीच बाब आहे. त्या छोट्या पेडलांत तो बहुधा नसतो, सोळा हजारांच्या गटात सहज मिळतो. दुकानदाराकडे एवढं नक्की विचारा की टॅप त्याच पेडलाच्या बटणावर होतो की वेगळा फूटस्विच घ्यावा लागतो. वेगळा लागत असेल तर तो खर्च आधीच धरा. आणि टॅप असला तरी स्टेजवर परत येणारे सूर दोन-तीनच ठेवा.

आता तुमच्या पत्रातलं ते वाक्य, जे तुम्ही सहज लिहून गेलात आणि ज्यावर मी सगळ्यात जास्त वेळ थांबलो. 'लाइन थेट मिक्सरला देतो.'

इलेक्ट्रिक गिटारचा जो आवाज आपल्या कानात बसलाय, त्याचा अर्धा भाग अॅम्पच्या स्पीकरचा आणि त्याच्या लाकडी खोक्याचा असतो. तो स्पीकर वरची धार कापतो, मधले स्वर भरून देतो. थेट मिक्सरमध्ये गेलात की ही गाळणीच नाहीशी होते. मंडपाचे स्पीकर १५-१६ किलोहर्ट्झपर्यंत सगळं वाजवतात, त्यामुळे ओव्हरड्राइव्ह मधमाश्यांच्या थव्यासारखा गुणगुणतो आणि स्वच्छ सूर पातळ, टोचरा येतो. आता त्यावर इको लावा. टोचरा सूर एकदा टोचायचा, तो आता चारदा टोचेल. एक्केचाळीस हजारांचं पेडल इथे काहीही करू शकत नाही. दुकानात तुम्ही ते अॅम्पमधून ऐकलंत, बंद खोलीत, कुणी ढोलक वाजवत नसताना. तुमच्या अंगावरच्या काट्यात त्या अॅम्पचाही वाटा होता.

म्हणून माझा पहिला खर्च इकोवर नाही, कॅबिनेट सिम्युलेटर असलेल्या डीआय बॉक्सवर आहे. अॅम्पच्या स्पीकरचं काम तो पेटीतल्या पेटीत करतो आणि मिक्सरला बॅलन्स्ड लाइन, म्हणजे लांब केबलमध्ये बाहेरची खरखर कमी पकडणारी जोडणी, देतो. पाच ते दहा हजारांत कामाचा मिळतो. ओव्हरड्राइव्ह, मग इको, मग हा बॉक्स, मग मिक्सर, अशी जोडणी करा. तुमच्या कार्यक्रमाला आलेल्या माणसाला सर्वांत मोठा फरक यानेच जाणवेल. हे न करता महागडं पेडल घेतलंत तर चार महिन्यांनी तुम्ही तेही विकायला काढाल आणि दोष इकोला द्याल, अशी मला खरोखर भीती वाटते.

साउंडवाल्याशी बोलणंही तितकंच महत्त्वाचं. आपल्याकडे मिक्सरवर बसलेला माणूस प्रत्येक चॅनलला थोडा इको-रिव्हर्ब देऊनच ठेवतो, गाणाऱ्यांना तो आवडतो म्हणून. तुमच्या ३७५ मिलिसेकंदांवर त्याचे कुठलेतरी ३०० बसले की दोन्ही मिळून चिखल होतो. साउंडचेकला त्याला नम्रपणे सांगा, 'दादा, गिटारच्या चॅनलला इफेक्ट शून्य ठेवा, माझा मी आणलाय.' याला एक रुपया लागत नाही. जाता जाता त्याला हेही विचारा की मेन स्पीकरना आउटपुट स्टिरिओ देतो की मोनो. बहुतेक मंडपांत मोनोच असतं. महागड्या पेडलांच्या किमतीत डावी-उजवीकडे फिरणाऱ्या स्टिरिओ इकोचेही पैसे असतात, ते तुमच्या बाबतीत वाया जातील.

एक्केचाळीस हजारांत मग नेमकं काय मिळतं? ताकदवान प्रोसेसर, आणि टेपची झीज, मोटरचा हेलकावा, हेडवरचा मळ हे सगळं गणितात उतरवणाऱ्या लोकांची वर्षांची मेहनत. तिचं मोल मी कमी लेखत नाही. शांत खोलीत एकच सूर सोडला, की पाचव्या फेरीला तो किंचित खाली झुकतो, पुन्हा वर येतो आणि विरत जातो. अशी शेपटी सोळा हजारांचं पेडल देत नाही, हे तुमच्या कानांनी बरोबर ओळखलं. त्याखेरीज त्या पैशांत प्रीसेट (जतन केलेली सेटिंग), मिडी (यंत्रांनी एकमेकांना सूचना देण्याची सोय) आणि स्टिरिओ असतं, आयात शुल्क आणि कर असतात. तुम्ही घरी स्वतःच्या रचना रेकॉर्ड करत असता, किंवा दोन-तीन जणांच्या शांत मैफली करत असता, तर मी कदाचित हेच पेडल घ्या म्हटलं असतं. ज्या स्टेजवर ढोलक, ऑक्टोपॅड, कीबोर्ड आणि दोन गायक एकदम वाजतात, तिथे तो झुकणारा पाचवा सूर तुम्हालाच ऐकू येणार नाही.

पेडलं पुन्हा ऐकायला जाल तेव्हा ती कशी ऐकायची तेही सांगतो. स्वतःची गिटार न्या. ओव्हरड्राइव्ह बंद ठेवा. इकोचं मिक्स (परत येणाऱ्या सुराचं प्रमाण) थेट अर्ध्याच्या पुढे न्या, फीडबॅक (सूर किती वेळा परत यावा ते) साधारण मधोमध, बारा वाजता, वेळ ४५० मिलिसेकंदांच्या आसपास. दुसऱ्या तारेवर बाराव्या पट्टीचा एकच सूर छेडा आणि लगेच हाताने तार दाबून गप्प करा. आता फक्त परत येणारे सूर आहेत, त्यांत तुमचं कौशल्य मिसळलेलं नाही. तिसरा सूर पहिल्याचाच उतरता भाऊ वाटतो की खरखरीत बुडालेला? शेवटी सूर विरतो की तुटतो? मग गिटारचा आवाज शून्य करून नुसतं पेडल चालू ठेवा आणि सूं किती येतो ते ऐका. नंतर वाजवता वाजवता मधेच पेडल बंद करा. पायाखाली 'टक' असा ठोका स्पीकरमधून येत असेल तर तो मंडपात दहापट मोठा येईल. बंद केल्यावर आधीचे सूर विरत जातात की कुऱ्हाड पडल्यासारखे थांबतात, तेही बघा. लीड संपवून गायकाकडे सूत्रं देताना विरत जाणारेच हवेत. शेवटी पेडल पूर्ण बंद असताना आणि मधून काढून टाकल्यावर गिटारचा आवाज सारखाच येतो ना, हे तपासा. मोबाइलवर ऐकलेल्या तुलना मात्र विसरा. त्या स्टुडिओत माइक लावून, वर आणखी रिव्हर्ब टाकून केलेल्या असतात.

वीज ही तिसरी गोष्ट. डिजिटल पेडलं जास्त करंट खातात. महागडी काही तर अडीचशे-तीनशे मिलिअँप मागतात, आणि ती एकाच अॅडाप्टरवर माळेसारखी ओव्हरड्राइव्हबरोबर जोडली की एक बारीक शिट्टी किंवा टकटक आवाजात उतरते. लोक तिला पेडलाची खराब प्रत समजतात.  प्रत्येक पेडलाला वेगळी, आयसोलेटेड (इतरांपासून अलग ठेवलेली) वीज देणारा पॉवर सप्लाय घ्या, चार-पाच हजार त्यासाठी ठेवा. आणि एक धोक्याची सूचना. गिटारच्या बहुतेक पेडलांना ९ व्होल्ट लागतात आणि पिनच्या मधला टोक ऋण असतो. घरातल्या राउटरचा अॅडाप्टर तसाच दिसतो, पण त्यात मधला टोक धन असतो आणि व्होल्टही बरेचदा १२ असतात. तो घाईत लावला गेला तर पेडल क्षणात जाऊ शकतं. पेडलाच्या पाठीवरचं चिन्ह बघितल्याशिवाय काहीही जोडू नका.

तर हिशोब असा. सोळा हजारांचं जपानी डिजिटल, टॅप टेम्पो असलेलं. असं पेडल सुस्थितीत जुनं मिळालं तर आणखी चांगलं; या वर्गातली पेडलं धातूच्या खोक्यात येतात, वर्षानुवर्षं लाथा खाऊन टिकतात आणि विकतानाही बरा भाव देतात. जुनं घेताना वरची सगळी परीक्षा करा, शिवाय जॅक हलवून बघा आणि प्रत्येक बटण फिरवताना खरखर येते का ते ऐका. यात 'अॅनालॉग' किंवा 'टेप' नावाचा मोड असेल तर तो वापरा. नसेल तर इकोचा टोन थोडा मंद करा आणि मिक्स कमी ठेवा, धारदार डिजिटल सूरही मागे सरकतो. त्यानंतर आठएक हजारांचा कॅबिनेट सिम्युलेटर, पाच हजारांचा पॉवर सप्लाय, हजारभर रुपयांच्या दोन-तीन चांगल्या केबल. एकूण तीस हजार. पंधरा हजार तुमच्याकडे राहतात, आणि ते खर्च न करण्याचा हट्ट मी तुमच्याजवळ धरतो. निदान एक लग्नसराई जाऊ द्या.

उरलं काकांचं मशीन. त्यांनी ते तुम्हाला देऊ केलं ही मायेची गोष्ट आहे, पण ते पहिला इको म्हणून घेऊ नका. टेपची माळ झिजते, बदलावी लागते. हेडं सतत पुसावी लागतात. टेप ओढणारं रबरी चाक वर्षानुवर्षं पडून कडक होतं किंवा चिकट. टेम्पोत घालून गावोगाव न्यायची ही वस्तू नाही, पावसाळ्यात तर नाहीच. ते काम जाणणारा दुरुस्तीवाला आधी शोधा, मशीन त्याला दाखवा, आणि दुरुस्तीचा आकडा कळल्यावर मगच काकांशी किमतीचं बोला. बंद मशीनला आजच वीस हजार देऊ नका. चालू झालं तर घरच्या रेकॉर्डिंगसाठी त्याच्यासारखं दुसरं काही नाही, आणि तो एक्केचाळीस हजारांचा डबा ज्याची नक्कल करतो ते अस्सल तुमच्या घरात असेल. मात्र प्लग लावून बघण्याचा मोह आवरा. मागच्या पट्टीवर किती व्होल्ट लिहिलेत ते आधी वाचा. जपानमधल्या वापरासाठी बनलेली यंत्रं १०० व्होल्टवर चालतात. तसं असेल तर आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटला ते थेट जोडू नका, योग्य क्षमतेचा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर मधे लागेल. आकडा २२० किंवा २४० असला तरी इतक्या वर्षांनी पहिल्यांदा वीज देताना दुरुस्तीवाला समोर असू द्या.